ट्रेलवरून आलं की डावा शॉकप गळतो: तीन सीलं बदलल्यावर सापडलेलं कारण

आधी तक्रार सांगतो, कारण काहींना ती आपलीच वाटेल. रविवारी पिकअपमधून मोटरसायकल खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढे न्यायची, दिवसभर माळावर, ओढ्यात, गाडीवाटेने हुंदडायचं, संध्याकाळी परत हौद्यात बांधून बेळगावला आणायची. सोमवारी सकाळी कामाला निघताना बघावं तर डाव्या शॉकपच्या (पुढचं चाक धरून दणके झेलणाऱ्या नळीच्या) पाइपावर तेलाचं कडं, त्याखाली ओघळ आणि ओघळावर तांबडी धूळ. पुसायचं आणि निघायचं. मंगळवार ते शनिवार तीच गाडी शहरात टिळकवाडी ते उद्यमबाग रोज पळते, तेलाचा टिपूस नाही. पुन्हा रविवार, पुन्हा सोमवार, पुन्हा कडं. उजवा शॉकप मात्र कोरडा ठणठणीत.

गाडी दोनशे सीसीची, ट्रेल आणि रस्ता दोन्हीला चालणारी, पुढे २१ इंची चाक, मागे १८, तारांची रिम, ट्यूबचे टायर. पुढच्या शॉकपचा पाइप ३७ मिलिमीटरचा, स्ट्रोक, म्हणजे दबायचा पूर्ण पल्ला, १९०. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी दोष तिचा निघाला नाही.

चालणारी गाडी टेम्पोतून कशाला न्यायची, हा प्रश्न आमच्या आईपासून सगळ्यांनी विचारलाय. पिकअपवाले मामा तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "काय रे, चालता बैल टेम्पोत घालून बेंदराला न्यायलास?" उत्तर सरळ आहे. बटन टायर (उठावाच्या जाड गोट्यांचे) डांबरावर घासले की मधली बटनं हां हां म्हणता सपाट होतात, आणि हे टायर स्वस्त नाहीत. दुसरं, दिवसभर चिखलात आदळून संध्याकाळी क्लचची तार तुटली, लिव्हर मोडला किंवा हातपाय बोलेनासे झाले, तर किणये-पिरनवाडी मार्गे अंधारात तीसेक किलोमीटर गाडी हाकत यायची हौस राहत नाही. दोघांनी दोन गाड्या घालून भाडं वाटून घेतलं की परवडतंही.

(जाता जाता: कणकुंबीच्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, २०११ पासून. त्या रानात गाडी घालायची नाही. आम्ही ओळखीच्या मालकी माळावर आणि गावच्या गाडीवाटांवर फिरतो, मालकाला विचारून. भात लावलेलं असेल तर बांधावरूनसुद्धा नाही.)

आता सीलं, म्हणजे पाइपाभोवती बसून तेल आत अडवणाऱ्या रबरी रिंगा. पहिल्यांदा गळलं तेव्हा मिस्त्रींनी सील बदललं. जुनं सील दगडासारखं कडक झालं होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. नवीन सील सात रविवार टिकलं. दुसऱ्यांदा मिस्त्री म्हणाले, माल डुप्लिकेट असणार. ओरिजिनल आणून घातलं. ते चार रविवार टिकलं. तिसरं दोनच. सुरुवातीला फक्त सोमवारी दिसणारं कडं शेवटी रोज दिसायला लागलं. इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. सील खराब निघालं तर ते कधी लवकर जाईल, कधी उशिरा. दर वेळी आधीपेक्षा लवकर जात असेल तर सील ज्याच्यावर घासतं ते बिघडत चाललंय.

आणि हे मला कळायला हवं होतं, कारण माझं पोट त्यावर चालतं. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या शॉपमध्ये मी चौदा वर्षं आहे. गिऱ्हाईक सिलिंडर गळतो म्हणून परत पाठवतं तेव्हा आमच्याकडे आधी कुणी सीलकडे बघतच नाही. रॉड बाहेर काढतात, पुसतात आणि त्यावरून नख फिरवतात. नख अडकलं की कारण सापडलं. मोटरसायकलचा शॉकप म्हणजे तरी दुसरं काय? क्रोम केलेला रॉड, बाहेरून धूळ अडवणारं वायपर सील (तेच डस्ट सील), आत तेल अडवणारं ऑइल सील, तेल आणि वर थोडी हवा. आठ तास दुसऱ्यांच्या रॉडवर नख फिरवणारा मी, स्वतःच्या गाडीला पाच महिने फडकंच फिरवत बसलो.

कारण सापडेपर्यंत बाजारात दोन तर्क ऐकायला मिळाले. दोन्ही अर्धे खरे आहेत, म्हणून दोन्हींचा हिशेब मांडतो.

पहिला तर्क: पट्टा जास्त आवळल्याने सील फुटतं. गाडी हौद्यात बांधताना पुढचा शॉकप दाबून ठेवतात, आत हवा कोंडते, दाब वाढतो, सील तेल सोडतं. ऐकायला पटतं. पण ट्रेलवर खड्ड्यात आदळून शॉकप तळाला जातो तेव्हा त्याच हवेचा दाब पट्ट्याने अर्धवट दाबल्यावर होतो त्यापेक्षा जास्त असतो, आणि तेव्हा सील काही उडून जात नाही. शाबूत ओठाचं (पाइपाला टेकणाऱ्या रबरी कडेचं) सील तेवढा दाब सहज झेलतं. हां, तेल मापापेक्षा जास्त भरलं असेल तर हवेला जागा कमी उरते आणि दाब फारच चढतो. पण ती चूक तेल भरणाऱ्याची, पट्ट्याची नाही. आवळण्याने होतं ते एवढंच: ओठ आधीच फाटलेला असेल तर कोंडलेल्या दाबाखाली तास-दीड तास तेल पाझरत राहतं, आणि सोमवारी आपण पट्ट्याला शिव्या देतो. बोभाटा पट्ट्याचा होतो, गुन्हा दुसऱ्याचाच असतो.

दुसरा तर्क: चिखल. हा जास्त खरा. खानापूर तालुक्यातली तांबडी माती ज्याने कपड्यावरून धुवून काढलीय त्याला तिची चिवट जात माहीत आहे. वरून चिकट आणि आत जांभ्याची बारीक कच. ओली असते तोवर पाइपावरून निसटून जाते. वाळली की सिमेंटसारखी धरते, आणि पुढच्या दणक्याला तो थर डस्ट सीलखालून आत जातो. एक खडा ओठाखाली अडकला की तिथून तेलाला वाट मिळते. अशा वेळी सील बदलायची गरजच नसते, ते साफ करावं लागतं.

साफ करायची रीत साधी आहे. घरात जुनी एक्स-रे फिल्म सापडतेच. तिची बोटभर रुंद पट्टी कापा, टोक गोल करा आणि एका कडेला छोटी आकडी पडेल अशी खाच घ्या. कडा बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर पट्टीच सील कापेल. पाइप धुवून कोरडा पुसा. डस्ट सील पातळ स्क्रूड्रायव्हरने हलकेच वर उचकटून पाइपावर सरकवा. खालची घाण पुसा. मग पट्टी पाइपाला चिकटवून ऑइल सीलच्या आत सरकवा, गोल फिरवा आणि आकडीने बाहेर ओढा. पट्टीवर काळा चिकटा किंवा तांबडे कण आले तर समजा चोर सापडला. दोन-तीनदा करा, पुसा, पुढचा ब्रेक धरून शॉकप दहा-पंधरा वेळा दाबा. कडं उमटलं नाही तर पैसे वाचले.

माझ्या गाडीला हेही केलं. कण निघाले. त्या आठवड्यात कोरडं राहिलं. पुढच्या रविवारनंतर पुन्हा गळलं.

मग एका शनिवारी शॉपमध्येच पुढचं चाक काढलं, दोन्ही पाइप थिनरने पुसले आणि नख फिरवलं. उजवा काचेसारखा. डाव्या पाइपावर, बाहेरच्या बाजूला, एका जागी नख अडकलं. डोळ्याला दिसेना. भिंगाखाली धरला तेव्हा दिसला: तांदळाच्या कणीएवढा टोचा, आणि त्याच्या कडेला वर आलेला क्रोमचा काटा. नखाचा भरवसा नसेल तर कापसाचा बोळा फिरवा. काटा असला की कापसाचा तंतू तिथे लोंबतो.

आता खरी गंमत. शॉकप पूर्ण उघडा धरून मोजलं तर टोचा डस्ट सीलच्या वर बरोबर १३० मिलिमीटरवर. म्हणजे शॉकप १३० मिलिमीटरपेक्षा जास्त दबेल तेव्हाच तो काटा सीलला भिडणार. मी पाइपाला एक केबल टाय सरकेल इतपत सैल बांधून शॉकप रोज किती दबतो ते मोजलं; दबताना सील टायला वर ढकलतं आणि तो तिथेच राहतो. शहरात, खड्डे आणि गतिरोधक धरून, टाय ९५च्या वर गेला नाही. हौद्यात पट्ट्याने दाबल्यावर शंभराच्या आसपास. ट्रेलवर १६५. म्हणून आठवडाभर टिपूस नाही आणि रविवारी ओठ सोलला जातो. पाच महिने चुकवत आलेलं कोडं एका केबल टायने सोडवलं.

टोचा आला कुठून? दगड लागला असता तर समोरून लागला असता, हा बाहेरच्या बाजूला होता. आणि फक्त डावीकडेच का? ते कळायला पुढच्या रविवारी बांधताना नुसतं उभं राहून बघावं लागलं. दोन गाड्या मावाव्यात म्हणून माझी गाडी हौद्याच्या डाव्या बाजूला अगदी चिकटून उभी करतात. डाव्या पट्ट्याचा रॅचेट (पट्टा आवळायचा लोखंडी खटका) खाली कडीजवळ ठेवला तर त्याचा दांडा हौद्याच्या पत्र्याला लागतो, फिरवता येत नाही. म्हणून मामा डावीकडचा पट्टा उलटा लावायचे: रॅचेट वर, हँडलजवळ. उजवीकडे मोकळी जागा, तिथे रॅचेट खाली. रस्त्यात डावा पट्टा जरा ढिला झाला की अर्धा किलोचा लोखंडी रॅचेट घंटेसारखा झुलायचा आणि पाइपाच्या नेमक्या त्या उघड्या भागावर ठोके द्यायचा. दाबलेल्या शॉकपचा खालचा १०० मिलिमीटर पाइप आत लपलेला, त्यावरचा उघडा. टोचा १३० वर. हिशेब जुळला.

म्हणजे मूळ दुखणं पट्टा आवळल्याचं नव्हतं, पट्टा ढिला पडण्याचं होतं. आणि तो ढिला का पडतो ते सोडवल्याशिवाय चौथं सीलही गेलं असतं.

पाइपाची दुरुस्ती आधी सांगून टाकतो. काटा ऑइल स्टोनने, तेल लावून, अगदी हलक्या हाताने उतरवला. मग १००० आणि २०००चा वॉटर पेपर. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: पेपर पाइपाभोवती गोल फिरवायचा, वर-खाली नाही. उभे चरे पडले की ते तेलाचे पाट होतात. काटा गेल्यावर उरलेल्या खळग्यात अरल्डाइटचा थेंब भरला, वाळू दिला आणि पुन्हा पेपरने पाइपाच्या बरोबरीला आणला. खळगा याहून खोल असता, गंज आत शिरला असता किंवा क्रोम पापुद्र्यासारखा सुटला असता तर हे जुगाड चाललं नसतं. तेव्हा पाइप घासून नव्याने हार्ड क्रोम करायचा किंवा बदलायचा. आणि पाइप बाहेर काढलाच आहे तर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून वाकला आहे का बघून घ्या. उद्यमबागेत कुठल्याही ओळखीच्या शॉपमध्ये चहाच्या बदल्यात होणारं काम आहे.

सील घालताना दोन्ही बाजूंची घाला. नवीन सील पाइपावर चढवताना पाइपाच्या टोकावर पातळ पॉलिथिन गुंडाळा, ओठाला शॉकपचं तेल लावा. ठोकायला पाइपावर सैल बसेल असा पीव्हीसी पाइपाचा तुकडा चालतो, हातोडी-स्क्रूड्रायव्हर नको. तेल दोन्हीकडे सारखं आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच, मापाच्या नळकांड्याने. "असू दे, जरा जास्त घालतो, कडक होईल," म्हणणाऱ्या मिस्त्रीचा हात धरा. आणि गळणाऱ्या जागेवर बाहेरून लांबी (पुट्टी) थापणाऱ्याचाही.

एक धोक्याची गोष्ट. ब्रेकची डिस्क ज्या पायाला (शॉकपला) आहे तोच पाय गळत असेल तर तेल ओघळून कॅलिपरवर आणि डिस्कवर येतं. तसं झालं असेल तर चोर्ल्याचा घाट उतरायचा नाही, गाडी पिकअपमध्येच घालायची. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसता येते. तेल प्यालेले पॅड मात्र फेकायचेच, गॅसवर भाजून, पेपरने घासून पुन्हा बसवलेल्या पॅडवर माझा विश्वास नाही.

आता पट्टा ढिला का पडतो ते.

पहिलं कारण टायरच्या हवेत निघालं, आणि ते मला सगळ्यात उशिरा सुचलं. ट्रेलसाठी मी पुढे १८ आणि मागे २० पौंड हवा ठेवतो. माझं वजन ७२ किलो, तुम्ही आपल्या वजनाने ठरवा. रिम लॉक (टायर रिमवर घट्ट धरणारा चिमटा) नसताना याच्या खाली गेलं की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि वॉल्व्ह मुळातून फाटतो, किंवा दगडाच्या कडेवर ट्यूब दोन्हीकडून चिमटून सापाने डसल्यासारखी दोन भोकं पडतात. तर तसल्याच मऊ हवेत संध्याकाळी गाडी हौद्यात चढवायची आणि पट्टा आवळायचा. आवळलेला ताण शॉकपने घेतला तसा टायरनेही घेतला. खड्ड्यात टायर आणखी दबतो, पट्टा क्षणभर सैल होतो, हूक कडीतून निसटतो किंवा चाक बोटभर सरकतं. बोटभर चाक सरकलं की पट्ट्यात चार बोटं ढील. उपाय: चढवण्याआधीच पंपाने रस्त्याची हवा भरा. माझी पुढे २५, मागे २९. घरी उतरवल्यावर सोमवारचं कामही वाचतं.

दुसरं कारण, हौद्याचा तळ. पिकअपचा तळ नाळीदार पत्र्याचा, वर पावसाचं पाणी, त्यावर टायरची तांबडी माती. साबणावर उभं राहिल्यासारखं. पट्टे कितीही आवळा, पुढचं चाक बसायला घर नसेल तर ते वळणावर नाचणारच. मी १८ मिलिमीटरच्या प्लायवर लोखंडी अँगलचे दोन तुकडे चाकाच्या रुंदीइतक्या फटीने बसवले आणि पुढे एक आडवा तुकडा वेल्ड करून घेतला. चाक त्यात रुतून बसतं. प्लाय हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकतो, त्यामुळे पुढे जायची सोय नाही. प्लायच्या खाली जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलंय. खर्च भंगाराचा, फरक सगळ्यात मोठा.

तिसरं, पट्टाच. आधी आमच्याकडे नायलॉनचे होते. नायलॉन पाणी पितं आणि ताणतं. जूनपासून कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागतो तो काय पाऊस असतो ते सांगायला नको, मलप्रभा तिथेच उगम पावते ती उगाच नाही. कोरडा आवळलेला पट्टा जांबोटीला येईपर्यंत वीणेच्या तारेचा झोपाळा झालेला असायचा. पॉलिस्टरचे पट्टे घेतले, ते भिजून फारसे ताणत नाहीत. मामांचा नायलॉनच्या दोरीवर आणि स्वतःच्या गाठीवर फार जीव. तंबाखूचे बोद निपाणीला त्यांनी त्याच गाठीने पोचवलेत. पण बोद खालीवर उसळत नाही, मोटरसायकल उसळते.

चौथं, हूक कुठे अडकवता ते. हँड गार्ड हौसेने बसवलेले असतात, त्यांचा लोखंडी दांडा हाताशी येतो, मग पट्टा त्यालाच. तो दांडा झाडाच्या फांदीपासून बोटं वाचवायला असतो, दीडशे किलोची गाडी धरून ठेवायला नाही. हँडलच्या मुठीला बांधलं तर हँडल एका बाजूला फिरतं आणि क्लचच्या तारा चेपतात. मी आता मऊ पट्ट्याचा फास हँडलखालच्या त्या प्लेटला घालतो जिने दोन्ही पाइप धरलेले असतात, आणि लोखंडी हूक फासात. तिथून पट्टा पुढे आणि बाहेर, साधारण पंचेचाळीस अंशात. फार सरळ उभा गेला तर गाडी आडवी कलायला मोकळी, फार आडवा गेला तर शॉकप दबतच नाही.

रॅचेटचा प्रश्न गाडी हौद्यात वीतभर उजवीकडे सरकवून सुटला. आता दोन्ही रॅचेट खाली, दोन्ही दांडे फिरतात. दुसरी गाडी उलट्या तोंडाने उभी केली की दोघींची हँडलं एकमेकींना लागत नाहीत आणि जागा पुरते. एवढी साधी गोष्ट आधी सुचली असती तर तीन सीलांचे पैसे आणि मिस्त्रींची मजुरी वाचली असती. तरीही दोन्ही पाइपांना बांधताना जुन्या सायकल ट्यूबचा उभा चिरलेला तुकडा गुंडाळतो. दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकून पितो.

किती आवळायचं यावर दोन मतं आहेत, माझं सांगतो. शॉकप निम्म्यापर्यंत दबला की थांबा. तळाला नेऊन ठेवला तर खड्ड्याचा दणका घ्यायला काहीच उरत नाही, तो थेट पट्ट्यावर, कडीवर आणि फ्रेमवर जातो. ज्याचा हात आवळताना थांबत नाही त्याने टायर आणि त्याच्या लगेच वरची पाइप धरणारी प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घालावा. पुढचा मडगार्ड टायरला चिकटून असेल तर मात्र ठोकळा घालू नका, तो फुटेल. बांधण्याआधी पाइपावरचा चिखल धुवा. ओढ्याचं बाटलीभर पाणी पुरतं. वाळलेल्या चिखलासकट शॉकप दाबणं म्हणजे सीलला हाताने माती भरवणं.

साइड स्टँड वर. हे लिहायची वेळ यावी असं वाटत नव्हतं, पण येते. स्टँडवर उभी करून बांधली की पहिल्या दणक्याला गाडी स्टँडवरून उचलली जाते आणि पट्ट्यांचा सगळा हिशेब चुकतो, वर स्टँडचा कान वाकतो तो वेगळा. मागचे दोन पट्टे दाबायला नाहीत, मागचं चाक आडवं उडू नये एवढ्यासाठी. ते मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला लावा, सामानाच्या रॅकला नाही. सायलेन्सरच्या बाजूचा पट्टा नळीला टेकत नाही ना बघा. ट्रेलवरून लगेच चढवलेल्या गाडीची नळी पट्टा वितळवते, आणि तो वास चिंचेच्या झाडाखाली उभं राहून शोधायला मजा येत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

छोटा हत्ती भाड्याने घेणार असाल तर मोजून घ्या. माझी गाडी सव्वासात फुटांच्या आसपास, छोट्या हत्तीचा हौदाही जवळपास तेवढाच, त्यामुळे सरळ उभी केली की फाळका लागत नाही. फाळका उघडा सोडून लोक नेतात. मी नेत नाही, मोठी पिकअप मागवतो.

चढवायला फळी न्या, पण त्याहून चांगली आमच्या म्हाताऱ्यांची युक्ती: पिकअप मागे घेऊन बांधाला लावायची. बैल, म्हशी अशाच चढवल्या जातात. हौदा आणि बांध एका पातळीला आला की दोन हात लांबीची फळी पुरते आणि गाडी ढकलत आत जाते. इंजिन चालू करून क्लचवर चढवायची मर्दुमकी एकदा केली होती. फळी घसरली, गाडी आणि मी वेगवेगळ्या दिशांना गेलो.

शॉकपच्या पाइपांना रबरी बूट (घड्यांचं आवरण) घालावेत का, हे पुष्कळ जण विचारतात. घाला, पण उघडून बघत जा. बूट दगड आणि रॅचेटचा ठोका अडवतो हे खरं, पण खालच्या कडेतून शिरलेला चिखल आत दडून बसतो आणि पाइपाला गंज धरतो, तो दिसतही नाही. पावसाळ्यात मी दोन-तीन फेऱ्यांनी पट्टी सोडून बूट वर करतो, पुसतो, पाइपावर तेलाचा हात फिरवतो. कापडी मोजे मिळतात ते ओले राहतात, मला आवडले नाहीत.

आधी तपासायचं काय, हा क्रम मी आता असा धरतो. तेल दिसलं की पहिल्यांदा पुसायचं आणि नख. नख अडकलं नाही तर एक्स-रेची पट्टी. तीही स्वच्छ निघाली तर तेलाचं माप. मगच सील. नख अडकलं तर मात्र टोचा गेल्याशिवाय नवीन सील घालायचंच नाही, कितीही ओरिजिनल असलं तरी.

दुरुस्तीला जून ते आता असा एक पावसाळा गेलाय. अकरा फेऱ्या झाल्या, केबल टाय अजून पाइपावर आहे, दोनदा १७० पर्यंत गेला. डावा कोरडा आहे. अरल्डाइटची जागा दर महिन्याला नखाने बघतो.

मामांना हे सगळं पटलंय असं नाही. रॅचेट वर लावला म्हणून पाइपाला टोचा पडला, हे ऐकल्यावर म्हणाले, "असेल की. खरं तू आधी सांगायचं हुतास." आणि गेल्या रविवारी परत येताना किणयेच्या अलीकडे त्यांनी न सांगता गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, डावा पट्टा हाताने हलवून बघितला आणि परत येऊन बसले. उजवा बघितला नाही. त्याला मी उतरलो.